खंडूअण्णांनी बुजवलेल्या फटी

खंडूअण्णांची आणि माझी ओळख एका भोकामुळे झाली. कात्रजच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो तो दिवस. सामानाचा टेम्पो अजून खाली उभा होता, आणि सत्तरीचे एक उंच, सावळे गृहस्थ न विचारता घरात शिरले. अंगात पांढरा सदरा, त्यावर ऐन मे महिन्यात बिनबाह्यांचा स्वेटर, पायांत काही नाही. एका हातात गवंड्याची थापी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या मगात कालवलेलं सिमेंट. मला वाटलं, बिल्डरचा मागे राहिलेला माणूस असावा. त्यांनी चारी भिंती नजरेखालून घातल्या, एसीच्या नळीसाठी ठेवलेलं भोक हुडकून काढलं, ते बुजवलं, वरून थापी फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भोक होतं. बुजिवलं."

"अहो, तिथे एसी बसवायचाय आम्हाला."

"मग बसवा की. त्याला भिंतीला भोक कशापायी?"

दुसऱ्या दिवशी एसीवाल्याने तेच भोक पुन्हा पाडलं. अण्णांना ते समजलं तेव्हा ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि पुढे बोलायला लागले तेव्हाही भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळायचे.

सोसायटी उभी आहे ती जमीन अण्णांची. जमीन गेली, बदल्यात ए विंगच्या तळमजल्यावरचे फ्लॅट मिळाले, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला मांजरी गावात नव्या घरात राहायला गेला; अण्णा आणि त्यांची बायको ताराक्का मात्र इथेच राहिले. अण्णांच्या लेखी शेत कुठे गेलेलंच नव्हतं, त्यावर माणसं येऊन बसली होती इतकंच. पार्किंगला ते खळं म्हणत. बी विंग म्हणजे चिंचेची पट्टी. माझा फ्लॅट विहीर होती त्या जागेच्या बरोबर वर येतो, म्हणून मी 'विहिरीवरली बाई'. कुरिअरवाल्याने पत्ता विचारला की अण्णा त्याला गंभीरपणे सांगत, "चिंचेच्या पट्टीतनं जा, विहिरीवर दुसऱ्या मजल्याला." तो पोरगा फोनमधल्या नकाशाकडे आणि अण्णांकडे आळीपाळीने बघत राही. लिफ्टमध्ये ते कधी बसले नाहीत. वर ओढणारा माणूस दिसत नाही त्या गाड्याचा भरवसा कसला, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचं एक पालुपद होतं: "फट म्हंजी चोराला धाडलेलं आवतण." दार नीट न लावणाऱ्याला, दात पडलेल्याला, सभेत मध्येच थांबून विचार करणाऱ्याला, सगळ्यांना हे एकच वाक्य. त्यामागची गोष्ट ताराक्कांनी मला सांगितली. अण्णा लहान असताना डोंगराकडच्या बांधाला घुशीने एक बीळ पाडलं. मूठभर बीळ. वडिलांनी पोराला ते बुजवायला सांगितलं, पोरगा खेळात विसरला. त्या पावसाळ्यात बीळ होतं तिथून बांध फुटला आणि अर्ध्या शेताची माती ओढ्यात गेली. वडिलांनी हात उगारला नाही. पण विहीर खणताना निघालेले काळे दगड घेऊन त्यांनी बांधाच्या जागी भिंत रचली, आणि दर दगड पोराच्या डोक्यावरून वाहून आणला. ती भिंत अजून होती. जमीन देताना अण्णांची अट एकच, भिंतीला हात लावायचा नाही.

ती भिंत कुठे होती हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमचं गेट वर रस्त्याला आहे. गेटातून काँक्रीटचा रुंद उतार खाली येतो आणि डावीकडे पार्किंगला वळतो. वळणाच्या समोर अण्णांची भिंत. उताराकडून बघितलं तर ती जेमतेम गुडघाभर उंच, पण पलीकडे जमीन पुरुषभर खाली. त्या खालच्या बाजूला, भिंतीलाच पाठ लावून, पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिथे आमचा वॉचमन गजानन, त्याची बायको सुनंदा आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी राहत. वाशिमकडची माणसं. गजानन मितभाषी, सुनंदा त्याच्या वाटणीचंही बोलायची.

उताराचं काँक्रीट एकसंध नव्हतं. मोठमोठे तुकडे ओतलेले, आणि दर दोन तुकड्यांमध्ये दोन बोटांची फट ठेवून त्यात काळी मऊ पट्टी बसवलेली. उन्हाने काँक्रीट फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते, म्हणून ही सोय. शेवटची फट अगदी भिंतीलगत. हे ज्ञान मला नंतर झालं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसायचं की पट्ट्या कुजल्यात, फटींत गवत माजलंय, आणि स्कूटरवरून उतरताना कंबरेला दणके बसतात.

मग एका सकाळी त्यातल्याच एका फटीतून नाग निघाला. सापांचं आम्हाला अगदीच नवल आहे असं नाही, पण हा शाळेच्या बसच्या वेळेला निघाला. आयांनी मुलं उचलली, कोणीतरी सर्पमित्राला बोलावलं, नाग पोत्यात गेला. बसमध्ये बसलेली मुलं सोडली तर हसत कोणीच नव्हतं. अण्णा मात्र त्या फटीजवळ उकिडवे बसून आत बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं ते मला ओळखू आलं नाही. आज म्हणेन की ती भीती होती. बांधाचं बीळ पुन्हा दिसावं तशी.

त्याच दिवशी ते कामाला लागले. बसायला गोणपाट, डोक्याला ओला टॉवेल, हातात थापी. कुजकी पट्टी खरवडून काढायची, माती उपसायची, आणि फट वरपर्यंत पक्क्या सिमेंटने भरायची. कोणाची मदत घेतली नाही. भिंतीलगतची शेवटची फट तर त्यांनी इतक्या मायेने भरली की सिमेंट कुठे संपतं आणि दगड कुठे सुरू होतो ते हाताला कळेना. थंडीचे दिवस होते, काँक्रीट आकसलेलं, फटी चांगल्या रुंद होत्या. भरपूर माल बसला. सोसायटीने सव्वीस जानेवारीला शाल-नारळ देऊन अण्णांचा सत्कार केला. तेव्हा नुकतीच मी सेक्रेटरी झाले होते, म्हणजे सभेला उशिरा पोचले होते, आणि आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. उतार आरशासारखा दिसत होता. अण्णा म्हणाले, "आता मुंगी बी येनार न्हाय."

मुंगी आली नाही. मार्च संपत आला आणि आवाज आला.

पहिल्यांदा गेट. वरच्या खांबात आणि झडपेत इतकं अंतर पडलं की कडी लागेना. गजाननने तारेने बांधून टाकलं. मग दुपारी, दोन-अडीचच्या सुमाराला, सगळी बिल्डिंग जेवून पडलेली असताना, उतारावरून काहीतरी मोडल्यासारखा एकच आवाज यायचा आणि पुन्हा सगळं शांत. मी खिडकीतून बघायची. काही नसायचं. रिकामा उतार, ऊन, आणि सावलीला झोपलेलं कुत्रं आवाज झाला की उठून दुसरीकडे जाऊन झोपायचं. काही दिवसांनी ते कुत्रं उताराकडे यायचंच बंद झालं.

एका दुपारी सुनंदा वर आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"काकू, भिंत कुरकुरते," ती म्हणाली.

"कुठली भिंत?"

"आमची. मांगची. दुपारीच कुरकुरते. रात्री नाई. काल तं फळीवरचे डबे आपोआप खाली आले. पोरगी तिथंच झोपली होती. तुम्ही याच पाहाले."

मी गेले. खोलीची मागची भिंत, म्हणजे अण्णांच्या वडिलांची भिंत, मधोमध आत आली होती. पोट सुटलेल्या माणसासारखी. दगडांमधले सांधे उकलले होते आणि खाली सिमेंटची भुकटी पडली होती. सुनंदाने ती रोज झाडते म्हणून सांगितलं, रोज पुन्हा पडते म्हणून सांगितलं. आम्ही दोघी तिथे उभ्या होतो तेवढ्यात भिंतीच्या आतून दात खाल्ल्यासारखा आवाज झाला. मी उलट पावली बाहेर आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शिर्के नावाचा एक तरुण कंत्राटदार बघायला आला. तो गुडघ्यावर बसून उतारभर फिरला आणि मान हलवत माझ्यापाशी आला. "मॅडम, जॉइंट सगळे लॉक केलेत कोणीतरी. काँक्रीटला एक्स्पान्ड व्हायला जागाच नाहीये. दर दुपारी थोडंथोडं खाली सरकतंय, आणि थंड झालं तरी परत वर जात नाही. सगळं प्रेशर त्या दगडी भिंतीवर. ती किती दिवस घेईल, मी नाही सांगू शकत. फटी कापून मोकळ्या करायच्या, नवी पट्टी बसवायची, वरून रबरासारखं सीलंट. आणि ती खोली आजच रिकामी करा."

सोसायटीची सभा खळ्यात भरली. शिर्केने पुन्हा सगळं समजावलं. अण्णा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. तो थांबल्यावर म्हणाले, "म्हंजी फरशी फुगती, आन् भिंतीला ढकलती."

"हो, अण्णा."

"तू भाकरी बघितलीस का फुगताना? तसं?"

"दिसत नाही डोळ्यांना. मिलिमीटरचा खेळ असतो."

"दिसत न्हाय त्ये ढकलतंय. आन् जी दिसती ती माझ्या बापाची भिंत, ती पडनार." अण्णा उठले. "फटी उघडा, घुशी येऊ द्या, पानी मुरू द्या, मग बघा भिंत कशी पडती ती. तिला आजवर कुनी ढकलली न्हाय. आन् ज्या फटी मी बुजवल्या त्या मी जित्ता असपातूर उघडायच्या न्हाईत."

पुण्यात सभा संपवायला एवढं पुरतं. कोणीतरी म्हणालं पावसाळ्यानंतर बघू, कोणीतरी म्हणालं दुसरं कोटेशन मागवू, आणि सगळे चहाला गेले. मी इतकी संतापले होते की चहा घेतला नाही.

पण दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा गजाननच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिलेले सुनंदाने बघितले. बराच वेळ. मग ते बाहेर आले, आणि संध्याकाळपर्यंत गजाननचं बिऱ्हाड अण्णांच्या फ्लॅटमध्ये हललं होतं. कारण काय सांगितलं, तर आक्कांना करमत नाही, घरात लहान पोर हवं. आणि थोडंफार सामान मागे राहिलेल्या त्या खोलीत अण्णांनी स्वतःची खाट नेऊन टाकली. भिंतीला लागून.

मी विचारलं तर म्हणाले, "भिंत पडनार न्हाय. पडनार न्हाय ह्ये तुमच्या त्या शिरक्याला दाखवाय पायजे. म्हनून मी हितं झोपतो."

"मग गजाननला का हलवलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं भोक पुन्हा पाडलं होतं.

रोज जेवण झालं की ते खोलीत जात आणि ऊन उतरेपर्यंत तिथे पडून राहत. वर आवाज झाला की आमच्या सगळ्यांचे कान खालच्या खोलीकडे लागत. मग थोड्या वेळाने अण्णांचं खाकरणं ऐकू येई आणि आम्ही श्वास सोडत असू. त्यात सुनंदाची वेगळीच तऱ्हा. परक्या चुलीवर हात चालत नाही म्हणून ती दुपारी पोरीला निजवून, अण्णा यायच्या आत, खोलीत जाऊन स्वतःच्या शेगडीवर भाकऱ्या थापून यायची. अण्णांनी तिला दोनदा हाकललं. ती तिसऱ्यांदा गेली.

शेवटी ताराक्का माझ्याकडे आल्या. त्या कधी कोणाच्या घरी जात नसत. सोफ्याच्या कडेवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ताई, त्यांना तिथनं उठवा. रातभर झोपत न्हाईत. म्हंत्यात, कानात दगड वाजत्यात. त्यांला समजलंय सगळं. पन त्वांडानं म्हनायचं न्हाईत. तुमी परवानगी मागू नगा, काम चालू करा."

मी तसंच केलं. शिर्केला बोलावलं. त्याने सांगितलं, काम पहाटे गारव्यातच करायचं, वरून खाली यायचं, आणि भिंतीलगतची फट सगळ्यात शेवटी, भिंतीला खालून टेकू दिल्यावर. आता फरशी भिंतीला ढकलतेय की भिंत फरशीच्या आधाराने उभी आहे, हे कोणीच सांगू शकत नाही म्हणाला.

पण कात्रजच्या चौकात त्याची गाडी अडकली आणि काम सुरू व्हायला ऊन वर आलं. गेटाजवळची पहिली फट निघाली. दुसरीत मशीनचं पातं हातभर गेलं आणि किंचाळून थांबलं. ओढलं तर निघेना. कापलेली चीर पात्याच्या मागे मिटत चालली होती. मी स्वतः बघितलं. बोट जाईल एवढी चीर बघता बघता काडी जाईल एवढी झाली.

आवाज ऐकून अण्णा खालून आले. गर्दीतून वाट काढून उकिडवे बसले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून थापी काढली, तिचं टोक त्या चिरेत घातलं आणि थांबले. मग ओढली. आली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय रोवून ओढली. थापी तशीच उभी. त्यांनी हात सोडले आणि तळवा काँक्रीटवर ठेवला. काँक्रीट तापलेलं होतं, पण त्यांनी हात उचलला नाही.

"एवढा जोर," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आन् ह्यो सगळा माझ्या बापाच्या भिंतीवर."

मग शिर्केला विचारलं, "भिंतीजवळली कवा काढनार?"

"आज नाही, अण्णा. उद्या टेकू आणतो. टेकू नसताना तिथे मी माझा माणूस बसवणार नाही."

"नगंच बसवू. लेकराबाळांची मानसं हायत."

शिर्के नवं पातं आणि टेकू आणायला मार्केट यार्डाकडे गेला. त्याची माणसं गेटाबाहेर झाडाखाली जेवायला बसली. मी घरी आले, पानं घेतली, आणि खाली पत्र्यावर मोठा दणका झाला. गॅलरीत धावले. भिंतीतला एक दगड सुटून खोलीच्या छपरावर पडला होता.

मी शिर्केला फोन लावला. तो लागत नव्हता. अण्णा खोलीतून सामान बाहेर काढत होते. शेगडी, डबे, देवीचा फोटो, पोरीचं गोधडं, एकेक वस्तू खळ्यात नेऊन सावलीला ठेवत होते. त्यांनी दाराला कुलूप घातलं. मग पहार आणि गोणपाट घेऊन वर आले आणि भिंतीपाशी गोणपाट टाकला.

"अण्णा, बसू नका तिथे," मी वरून ओरडले. "शिर्के येतोय. पडली तर पडू दे ती भिंत."

त्यांनी मान वर करून बघितलं. रागावले नव्हते. "इतका वेळ टिकनार न्हाय ती, ताई. जरा मोकळी केली तर वाचंल."

मी फोन टाकून जिन्याने धावले. पार्किंगपर्यंत पोचले होते.

भिंत मधोमध फुटली आणि बाहेरच्या बाजूला गेली, आणि तिच्यामागोमाग फरशीचा शेवटचा तुकडा, अण्णांसकट. धूळ बसल्यावर खोली कुठे होती तेही ओळखता येईना. खाट होती त्या जागी दगडांचा ढीग. अण्णांना काढायला संध्याकाळ झाली. कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती.

त्यांना भिंत वाचवायची होती, असं आक्का म्हणाल्या. मांजरीला मुलाकडे जाताना त्या मला एवढंच बोलल्या. खरं असेल. बापाचे दगड होते. शिर्के म्हणतो, मोकळी केली म्हणून पडली की पडणारच होती, ते आता कोणी सांगू शकत नाही. त्याने नव्या पट्ट्या बसवल्या, वर काळं रबर भरलं, खाली काँक्रीटची नवी भिंत आली. मला अण्णांचा अजून राग येतो. टेकूसाठी थांबले असते तर भिंत गेली असती आणि माणूस राहिला असता. पण मी जिन्याकडे धावण्याआधी गॅलरीतून जे शेवटचं बघितलं, तिथे हा राग येऊन अडतो.

अण्णा गोणपाटावर बसले होते, पहार हातात. तेवढ्यात आक्कांच्या दारातून सुनंदा निघाली. हातात पिठाची परात. रोजच्यासारखी पायऱ्या उतरून खोलीकडे गेली, कुलूप बघितलं, हिसडा देऊन बघितलं, आणि तणतणत वर येऊन अण्णांसमोर उभी राहिली.

"किल्ली द्या, आबा. माह्या भाकरी राहिल्या."

"आज आक्काकडं जेव," अण्णा म्हणाले.

तिला राग आला. ती गजाननला सांगायला गेटाकडे उतार चढू लागली, परात कमरेवर घेऊन, मोठ्याने बडबडत. अण्णांनी पहार तोपर्यंत फटीला लावलेली होती. त्यांनी ती उचलून मांडीवर आडवी ठेवली आणि मान वळवून ते तिच्याकडे बघत राहिले. ती मध्ये एकदा थांबली, पदर खोचला, पुन्हा चालू लागली. ती गेटाबाहेर पडून दिसेनाशी झाली, तेव्हा अण्णा पुन्हा भिंतीकडे वळले.